२१ जूनला कोकणात वेटोळ्यांचा कला-उत्सव: जागा, मापं आणि पाऊस

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यावरच्या एका गावात वाचनालय आणि महिला मंडळ मिळून २१ जूनला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, वेटोळ्याच्या आकारावर बेतलेला कला-उत्सव करायचा म्हणताहेत. तीनेकशे माणसं येतील. पुळणीवर भलंमोठं वेटोळं आखायचं, तिन्हीसांजेला त्यावर पणत्या लावायच्या आणि सूर्यास्त बघायचा, असा बेत आहे. पैसे बेताचेच. हे जमेल का, आणि कसं?

उत्सव जमेल, पुळणीवरचा बेत जमणार नाही. युरोपात या दिवशी लोक माळावर शेकोट्या पेटवून रात्र जागवतात, कारण तिकडे तो खरोखरच उन्हाळ्याचा दिवस असतो. आपल्याकडे तोवर मृगाचा पाऊस लागलेला असतो आणि रत्नागिरीचा वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर आहे. म्हणून सगळं छपराखाली आणा, दुपारी तीनला सुरू करा, साडेसहाला संपवा आणि एकच मोठं वेटोळं नीट बांधा, ज्यातून माणूस चालत आत जाईल. बाकीच्या गोष्टी त्याच्याभोवती मावतील तेवढ्याच.

पुळण का नको, हे समितीला पटवावं लागेल, म्हणून हिशेब देतो. भरतीची वेळ काढायची आपली जुनी रीत तिथीच्या पाऊणपटीची. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. म्हणजे अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, असला तरी संध्याकाळी पुळण उरतच नाही. सातच्या सुमाराला ओहोटी हवी असेल तर तिथी प्रतिपदा-द्वितीयेच्या आसपासची लागते, आणि ते उधाणाचे दिवस. त्या दिवशी दुपारच्या भरतीला पावसाळी लाट सुरूच्या बनापर्यंत येऊन गेलेली असते. आखायला मिळते ती चिंब, उतरती वाळू, आणि समोर खवळलेला समुद्र. तीनशे माणसांतली दहा पोरं पाण्याकडे धावणार, हे नक्की. पणत्यांचं तर नावच नको. त्या वाऱ्यात करवंटीतला दिवासुद्धा टिकत नाही.

दुसरा मोह सड्याचा, म्हणजे उघड्या कातळपठाराचा. कातळशिल्पांमुळे सड्यांचं नाव झालंय, २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीतही आहेत, तेव्हा तिथेच करू या असं कोणीतरी सुचवतंच. शिल्पांवर एकाही पायाचा भार नको, हे एक कारण. दुसरं कारण विजेचं. उघड्या सड्यावर झाड नसतं, त्यामुळे सर्वांत उंच वस्तू माणूसच असतो. कातळशिल्पांचे फोटो मोठे छापून शेडच्या भिंतीवर लावा, तेवढं पुरे. गोव्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला कातळात कोरलेली चक्रव्यूहासारखी आकृती आहे, तिचाही फोटो लावण्यासारखा आहे. फक्त खाली लिहिताना घोळ करू नका. चक्रव्यूहात वाट पुन्हा पुन्हा उलटी वळते, वेटोळ्यात ती एकाच दिशेने आत जाते.

जागा

सर्वांत चांगली जागा म्हणजे आंबा पॅकिंगची शेड. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हापूसचा हंगाम आटोपतो, शेड रिकामी होते, जमीन कोब्याची असते, मधे खांब नसतात. मालकालाही पुढच्या हंगामापर्यंत तिचं फारसं काम नसतं. देवळाचा सभामंडप चालेल, पण मधल्या खांबांमुळे मोठं वेटोळं बसत नाही. शाळेचा हॉल मागू नका: शाळा जूनच्या मध्यात नुकत्याच उघडलेल्या असतात, आणि २१ जूनला सकाळी योग दिन असतो, हॉल आणि शिक्षक दोन्ही त्यात अडकलेले.

मंडप घालायचाच झाला तर ताडपत्रीचा उतार चार फुटांना एक फुटापेक्षा कमी ठेवू नका. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. १० × १५ मीटरच्या मंडपावर अर्ध्या तासात २० मिलिमीटर पडला तर ३,००० लिटर, म्हणजे तीन टन. उतार कमी असला की ताडपत्रीला पोट सुटतं, पोटात पाणी साचतं, साचलेल्या पाण्याने पोट आणखी वाढतं आणि मग एखादा बांबू मोडतो. शेड मिळत असताना या भानगडीत पडण्याचं कारण नाही.

पत्र्याच्या शेडचा एक दोष मात्र आधीच धरून चाला. पावसाची सर आली की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. माइकचा आवाज वाढवून काही साधत नाही, नुसता गोंगाट वाढतो. म्हणून भाषणं, निवेदन, काव्यवाचन यांवर कार्यक्रम उभा करू नका. चालणं, बघणं, हाताने करणं, मृदंग आणि झांज हे पावसातही चालतं. पाहुण्यांचं भाषण पाच मिनिटांचं ठेवा आणि सर आली की थांबायचं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. रागावले तर चहा द्या.

शेड ताब्यात आली की पहिलं काम सजावटीचं नसतं. हंगामानंतर तिथे पेंढा, लाकडी खोकी आणि क्रेट यांचे ढीग पडलेले असतात. पहिल्या पावसानंतर फुरसं आणि विंचू कोरडी जागा शोधत नेमके तिथे येतात. फुरसं जेमतेम फूट-सव्वा फुटाचं असतं, पेंढ्याच्या रंगात मिसळून जातं. ढीग निदान तीन दिवस आधी, भर दिवसा, बूट आणि जाड हातमोजे घालून, काठीने हलवून उचला. खोक्याखाली बोटं घालून उचलायचं नाही. मुलांना या कामाला लावू नका. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरची लस हजर आहे, हे त्याच आठवड्यात फोन करून विचारा आणि तो नंबर, १०८ च्या शेजारी, दारावर लिहून ठेवा.

वेटोळं आखणं

शेड १२ × १८ मीटरची धरतो. १२ मीटर रुंदीत ५.५ मीटर त्रिज्येचं वेटोळं बसतं, भोवती हात-दीड हात मोकळा राहतो. वाट १.२ मीटर रुंद ठेवा. त्याहून अरुंद केली तर व्हीलचेअर आणि काठी टेकत चालणारी आजी अडकते, आणि रुंद केली तर फेऱ्या कमी होऊन मजा जाते. मधे १.२ मीटर त्रिज्येची मोकळी जागा सोडा. अशा वेटोळ्याला साडेतीनच्या थोड्या वर फेऱ्या होतात आणि लांबी साधारण ७५ मीटर भरते. लांबीचा सोपा हिशेब: वाटेने व्यापलेलं क्षेत्रफळ भागिले वाटेची रुंदी. तुमची शेड लहान-मोठी असेल तर याच हिशेबाने मापं बदला.

आखायला गणित लागत नाही, एक चकती आणि दोरी लागते. चकतीभोवती दोरी गुंडाळत गुंडाळत चाललं की प्रत्येक फेरीला चकतीच्या परिघाएवढी दोरी कमी होते, म्हणजे वाट तेवढीच आत सरकते. १.२ मीटरची वाट हवी तर परीघ १.२ मीटर हवा, व्यास साधारण ३८ सेंटिमीटर. १९ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची चकती कापून घ्या. परीघ टेपने मोजूनच घ्या, नुसता व्यास मोजून कापलेल्या चकतीत सेंटिमीटरभराची चूक सहज राहते. दोरी ३ मिलिमीटरची असेल तर तिच्या जाडीने परिघात आणखी सेंटिमीटरभर भर पडते, म्हणून चकतीचा परीघ ११९ धरा.

एकाने चकतीवर दोन्ही पाय ठेवून उभं राहायचं, म्हणजे ती फिरत नाही. दोरीचं एक टोक चकतीच्या कडेला खिळ्याने पक्कं करायचं, दुसऱ्या टोकाला खडू. दुसऱ्याने दोरी ताठ धरून, केंद्र उजव्या हाताला ठेवून, बाहेरून चालायला लागायचं. तिसऱ्याने फक्त एवढंच बघायचं की दोरीचे वेढे एकावर एक न चढता एकाखाली एक बसताहेत. वेढ्यावर वेढा चढला की परीघ वाढतो, वाट मधेच रुंद होते, आणि ते सगळं संपल्यावर लक्षात येतं. चकतीऐवजी प्लास्टिकची बालदी वापरण्याचा मोह होतो. बालदी वर रुंद, खाली अरुंद असते. दोरी घसरते आणि प्रत्येक फेरीचं अंतर वेगळं येतं. तेलाचं मोठं पिंप सरळ कडेचं असतं, पण त्याचा परीघ पावणेदोन मीटरच्या वर जातो. ते मोठ्या मैदानासाठी ठीक आहे. दोरी काथ्याची नको, ओली झाली की लांबी बदलते. नायलॉनची ताणली की लांबते. मच्छीमारीच्या जाळ्याला वापरतात त्यातली बारीक, न ताणणारी दोरी मागून घ्या.

आखून झालं की चारही दिशांना लागोपाठच्या रेषांमधलं अंतर मोजा. तीन सेंटिमीटरची तफावत चालते. त्याहून जास्त असेल तर पुसून पुन्हा आखा, वीस मिनिटांचं काम आहे. भिंती उभ्या राहिल्यावर ती चूक सुधारता येत नाही.

केंद्र उजव्या हाताला, म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेने आत जायचं, हे मुद्दाम सांगितलं. उलट्या दिशेचं वेटोळं केलंत तर कुणी अडवणार नाही, पण गावातली वडीलधारी माणसं दारातच थबकतील आणि दिवसभर तेच समजावत बसावं लागेल. कुणी दुहेरी वेटोळं सुचवेल, एका वाटेने आत आणि दुसरीने बाहेर. कागदावर ते सुंदर दिसतं, पण १.२ मीटरच्या जागी दोन अरुंद वाटा होतात, आणि बाहेर येताना फेरी उलटी पडते. त्यापेक्षा सरळ चोरवाट बरी, ती पुढे येतेच आहे.

भिंती साड्यांच्या

भिंतीसाठी जुन्या साड्या घ्या. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद असते. आडवी लावली की माणसाच्या छातीपर्यंत भिंत येते. मुलांना आपण बंद वाटेत चाललोय असं वाटतं आणि त्याच वेळी आयांना वरून पोरं दिसत राहतात. याहून उंच पडदे लावू नका, हरवलेलं पोर शोधण्यात उत्सव संपतो. ७५ मीटरला १४ साड्या हिशेबाने पुरतात, पण सांध्यावर एकमेकींवर चढवायला आणि खराब निघतील त्या बदलायला १८ हाताशी ठेवा. त्या मेमध्येच गोळा करा. चाकरमानी गावात असतात, कपाटं उघडलेली असतात. एका घरातून एकच साडी घेतली तर जास्त घरं आपली होतात.

कापड सुती मिळालं तर फार छान. बाहेरच्या फेरीला गडद रंग, आत जाल तसे फिके, आणि शेवटच्या फेरीला पांढरट सुती. का, ते दिव्यापाशी सांगतो.

खांबांसाठी माणग्याचे बांबू घ्या, भरीव असतात आणि वाकत नाहीत. दीड मीटरचे ५० तुकडे लागतील, सहा मीटरचे १३ बांबू पुरतात. कोब्यात खड्डे पाडता येत नाहीत, म्हणून तेलाच्या १५ किलोच्या रिकाम्या डब्यात खांब उभा करून भोवती जांभ्याचे तुकडे ठासून भरा. किनाऱ्यावरची वाळू त्यासाठी उचलू नका, परवानगीशिवाय तो गुन्हा आहे, आणि चिऱ्याच्या खाणीवर तुकडे असेच पडलेले असतात. डब्याच्या कडा कापऱ्या असतात, त्यांवर गोणपाट गुंडाळा.

खांबांमधलं अंतर सगळीकडे सारखं ठेवणं ही हमखास होणारी चूक. सरळ ताणलेली साडी वळणाला आतून कापते. दोन खांबांत दोन मीटर असतील तर बाहेरच्या फेरीवर ती रेषेपासून ९ सेंटिमीटर आत येते, तेवढं चालतं. तेच अंतर दीड मीटर त्रिज्येच्या आतल्या फेरीवर ठेवलं तर ३८ सेंटिमीटर आत येते, म्हणजे वाटेचा जवळजवळ तिसरा भाग गेला. म्हणून बाहेर २ मीटर, दुसऱ्या फेरीला १.७, तिसरीला १.२ आणि शेवटी १ मीटर.

वरची कड दोरीवर टांगली की दुसरी अडचण येते. दोरी जितकी ताणाल तितके खांब केंद्राकडे ओढले जातात, आणि वळण जेवढं लहान तेवढी ओढ जास्त. त्यामुळे आतले डबे आधी कलंडतात. नवखे लोक मग डब्यात आणखी दगड भरतात. खरा उपाय म्हणजे दोरीऐवजी ओल्या बांबूच्या अडीच सेंटिमीटर रुंद कामट्या. रात्रभर पाण्यात ठेवलेली कामटी आपसूक गोल वळते, खांबांना ओढत नाही, आणि भिंत कोनाकोनाने न दिसता खरी वळणदार दिसते. कामटीवर साडीची कड दुमडून सेफ्टी पिनांनी किंवा कच्च्या टाक्याने बसवा. बांधायचं काम खलाशांकडे द्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, आणि त्यांची गाठ सुटत नाही. साडीची खालची कड जमिनीपासून चार बोटं वर राहू द्या, नाहीतर ओल्या पायांचं पाणी शोषून तासाभरात वीतभर काळी होते.

चोरवाट अशी: मधल्या मोकळ्या जागेपासून शेडच्या दुसऱ्या दाराकडे एक सरळ रेष धरा. ती तीन-चार ठिकाणी भिंत ओलांडते. बरोबर त्याच ठिकाणी साड्यांचे सांधे आणा, ३० सेंटिमीटर एकमेकींवर चढवा, पण बांधू नका, आणि तिथे कामटीही तोडा. मध्यापर्यंत पोचलेला माणूस पडदा सारून सरळ बाहेर पडतो. घाबरलेलं मूल, चक्कर आलेलं कुणी, अचानक वीज गेली तर सगळेच, याच वाटेने निघतील. दर सांध्याशी एक माणूस उभा करा.

दारात झांज घेऊन एकाला बसवा. दर १२ सेकंदांना एक ठोका, एका ठोक्याला एक माणूस आत. रमतगमत ७५ मीटर चालायला पाच मिनिटं लागतात, म्हणजे एका वेळी आत २५ जण. तासाला ३०० होतात, तेव्हा तीन तासांत ज्याला हवं त्याला पुन्हा जाता येतं. ठोका सोडून झुंडीने सोडलंत तर मध्यात गर्दी तुंबते आणि मागचे साड्यांना टेकून उभे राहतात.

आत ज्योत कसलीही नको. सिंथेटिक साडी पेटली की वितळून अंगाला चिकटते. मधोमध, जमिनीपासून साधारण २.४ मीटरवर एकच १२ व्होल्टचा, १० वॉटचा लहान एलईडी दिवा टांगा. ट्यूब किंवा पॅनल नको, त्याने सावली विरते. चार तासांना ४० वॉट-तास लागतात, साध्या ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ते जड नाही, आणि वीज गेली तरी मधला दिवा चालू राहतो. ढगाळ दुपारी शेड बऱ्यापैकी काळोखी असते. शेवटच्या एक-दीड फेरीत चालणाऱ्यांची सावली त्या पांढरट सुती साडीवर पडते, लहान मुलांची डोक्यासकट, मोठ्यांची खांद्यापर्यंत. बाहेरच्या फेरीतून ती हलताना दिसते आणि लोक आपोआप हळू चालायला लागतात. बाहेरच्या फेऱ्यांत मात्र सावली नसते, गडद रंगातून नुसता उजेड झिरपतो. त्यासाठीच तो रंगांचा क्रम.

शेडमधल्या बाकीच्या दिव्यांसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, लावून घ्या आणि सकाळी त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. जनरेटर असेल तर शेडच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. अंधारून आल्यावर दारातला पांढरा दिवा बंद ठेवा, नाहीतर पंखवाल्या वाळव्यांचा थवा आत येतो आणि रांगोळीवर पंखांचा सडा पडतो.

मधली जागा रांगोळीसाठी. कोबा दमट असतो, त्यावर बारीक रांगोळी ढेकळं धरते. आधी गेरूचा पातळ हात द्या, रात्रभर पंखा लावून वाळू द्या, मग काढा. शंख-शिंपले मांडायचे तर घराघरांत असलेलेच उसने आणा. किनाऱ्यावरून नवे वेचायला मुलांना धाडू नका: काही शंख वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत, आणि पुष्कळांत जीव असतो.

उरलेल्या जागेत काय

शेडचा साधारण ७ मीटरचा पट्टा उरतो. त्यात फेर धरता येतो. जाखडी नाचणारे श्रावणाच्या तयारीला लागलेलेच असतात, मृदंग आणि झांज तेच आणतील. हात धरलेल्या फेरातून एक हात सोडायचा, पुढच्याने आत आत वळत जायचं आणि मध्यावर उलटं फिरून, आत येणाऱ्यांच्या मधून बाहेर पडायचं. हे फसतं ते नेहमी एकाच कारणाने: पुढचा फार घट्ट गुंडाळतो आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. दोन फेऱ्यांत १.८ मीटर अंतर लागतं, म्हणजे मधून दुसरी रांग जाते. माणशी ९० सेंटिमीटर धरले तर या पट्ट्यात २० जणांचा फेर बसतो. चाळीस करायचे तर नऊ-दहा मीटर मोकळी जागा हवी, त्यापेक्षा दोन फळ्या करा. पुढे सावकाश चालणारी पोक्त बाई ठेवा. पुढच्याने वेग वाढवला की हिसका शेपटीला बसतो, म्हणून शेवटी लहान मुलं नकोत. कोबा पुसून घ्या आणि सगळे अनवाणी.

हाताने करायला माडाच्या पातीची पिपाणी ही सर्वांत चांगली, कारण ती मुळात गुंडाळीच आहे. पाती आदल्या संध्याकाळी काढून सावलीत ठेवा म्हणजे जरा मऊ पडते. हीर काढायचा, निमुळत्या टोकापासून तिरकी गुंडाळत जायचं, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढवायचा, पाती संपली की दुसरी आत खोचायची आणि शेवट हिराच्या तुकड्याने टोचायचा. तोंडाला पातीचाच लहान दुमडलेला तुकडा. ओली पाती घसरते आणि तोंडाचा तुकडा चिकटून आवाज येत नाही, म्हणून टेबलावर एक कोरडं फडकं ठेवा. माणशी तीन पाती धरा. शेजारी सावंतवाडीचे लाकडी भोवरे आणि ते फिरवायची जाळी, म्हणजे दोरी. पिंगुळीच्या, चित्रकथी आणि बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या ठाकर कलावंतांना बोलवायचं तर महिनाभर आधी विचारा, आणि मानधन ठरवून विचारा. मातीकाम मात्र टाळा. शाडू गणपतीच्या शाळांत, म्हणजे मूर्तिकारांकडे, येऊन पडलेला असतो खरा, पण या हवेत मुलांनी केलेली वस्तू आठवडाभर वाळत नाही आणि घरी नेतानाच मोडते.

खाण्यात चकली हवीच असा आग्रह होतो. जूनच्या हवेत उघडी चकली तासाभरात मऊ पडते. तिथेच तळून गरम द्या, नाहीतर डब्याबाहेर काढू नका. तळणीची चूल शेडबाहेरच्या पडवीत, साड्यांपासून लांब.

सूर्याचं काय

ऊन पडेल याचा भरवसा नाही, पण पडलंच तर एक गोष्ट बघण्यासारखी आहे. कर्कवृत्त आपल्या बरंच उत्तरेला आहे, त्यामुळे या दिवशी माथ्यावरचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. अंगणात एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करा. रत्नागिरीत सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, १२ वाजून ३८ मिनिटांच्या सुमाराला. तेव्हा सावली जेमतेम ११ सेंटिमीटर, दक्षिणेकडे. हीच काठी मेमध्ये लावून ठेवली तर शून्य सावलीही टिपता येते: मालवणकडे ४-५ मेला, रत्नागिरीत ९ मेच्या आसपास, अलिबागकडे १४ मेच्या आसपास. त्या खुणा पक्क्या रंगाने करून ठेवा. मग २१ जूनला ढग असले तरी दाखवायला काहीतरी असतं.

दिवस रत्नागिरीत साधारण १३ तास ८ मिनिटांचा असतो. सूर्य सहा-पाचच्या सुमाराला उगवतो आणि सात-तेराला मावळतो. मावळतीची दिशा ठीक पश्चिमेपासून उजवीकडे, उत्तरेला, साडेचोवीस अंश. ती रेघ अंगणात फक्कीने मारा. वेटोळ्याचं तोंड तिकडेच हवं म्हणून शेडच्या दाराशी भांडू नका. होकायंत्र, मग ते फोनमधलं असो की साधं, पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडामुळे चुकतं. बाहेर मोकळ्यावर येऊन बघा.

तारखेचा बाऊ नको. २१ जून आडवारी आला तर जवळचा रविवार घ्या. आठवड्याभराच्या फरकाने त्या काठीच्या सावलीत तीन मिलिमीटरही फरक पडत नाही. वटपौर्णिमा तेवढी बघून घ्या, २०२४ साली ती नेमकी २१ जूनला आली होती. त्या दिवशी बायकांचा उपास आणि सकाळ वडाशी. पंचांग पाहणारा कुणी कर्क संक्रांत १६ जुलैच्या आसपास असल्याचं म्हणेल. तो निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने केलेला हिशेब आहे, त्याच्याशी वाद घालायची गरज नाही.

शेवटच्या आठवड्यात

ग्रामपंचायतीचं पत्र, ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी आणि महावितरणची तात्पुरती जोडणी ही कामं १० जूनच्या आत उरका. पावसात साहेब, लाईट आणि झेरॉक्स एकाच वेळी भेटणं कठीण असतं.

कामट्या आणि खांब १९ तारखेला, साड्या २० ला दुपारनंतर. आधी लावल्या तर दमट हवेत वास धरतात. दारात छत्र्यांसाठी आडवा बांबू बांधा, त्याखाली पन्हळ किंवा रिकामे क्रेट. दोनशे छत्र्यांचं पाणी आत आलं की कोबा निसरडा होतो. दाराशी गोणपाटाच्या दोन घड्या, तासातासाला बदलायच्या. म्हणजे निदान आठ गोणपाटं लागतात.

हवामान खात्याचा इशारा २० ला संध्याकाळी आणि २१ ला सकाळी बघा. पिवळ्यात कार्यक्रम होतो. नारिंगी असेल तर लांबून येणाऱ्यांना कळवा आणि गावापुरता करा. लाल असेल तर रद्द, चर्चा न करता. हे तिन्ही आधीच समितीच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, म्हणजे त्या सकाळी फोनवर भांडण होत नाही. आकाशातल्या विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप एकाच्या फोनवर चालू ठेवा.

साडेसहाला झांज थांबवा. सात-तेरापर्यंत उजेड असतो, तोवर लोक वाडीवर पोचतात, एसटीवाल्यांना शेवटची गाडी मिळते, आणि राहिलेल्यांना साड्या उतरवायला तास-पाऊण तास दिवसाचा प्रकाश मिळतो. साड्या ओल्या घडी करू नका. परत द्यायच्या असतील तर कोपऱ्यात कच्च्या टाक्याने नाव शिवलेलं हवं, पेनाने लिहिलेलं या हवेत पसरतं.